पाठीवर व्हॅलेटा

मागच्या अंकात भूमध्य समुद्रातल्या बेटांवर लिहिताना माल्टाचा उल्लेख ओझरता आला होता. टपालात मात्र निम्मी पत्रं माल्टाचीच आली, म्हणून हा महिना माल्टाला दिला. मी आयुष्यभर इंजिनरूममध्ये राहिलेला माणूस. इतिहास-भूगोल मला बंदराच्या बाजूनेच कळतो, तेवढं धरून वाचा.

मुलगा पहिल्यांदाच जहाजावर गेलाय. त्याने पाठवलेल्या फोटोत जहाजाच्या मागे नावाखाली ‘व्हॅलेटा’ लिहिलेलं दिसतं. तो म्हणतो, ती माल्टाची राजधानी आहे आणि आमचं जहाज तिथे कधी गेलेलंच नाही. यात काही गैरप्रकार तर नाही ना? (एक आई, देवगड)

ताई, गैर काही नाही. एमएच ०७ ची गाडी आयुष्यभर पुण्यात फिरली तरी तिचं पासिंग सिंधुदुर्गचंच असतं, तसंच हे. जहाज कुठल्या देशाच्या नोंदवहीत आहे ते कळावं म्हणून मागे नोंदणीचं बंदर लिहावं लागतं. माल्टाची नोंदवही आज युरोपातली सर्वात मोठी आहे. त्यातली कित्येक जहाजं ग्रीक मालकांची आहेत. मालक ग्रीक, कॅप्टन युक्रेनचा, इंजिनिअर रत्नागिरीचा, खलाशी फिलिपिन्सचे आणि झेंडा माल्टाचा, अशा मिसळीवर मी नोकरी केलेली आहे. माल्टाचा कायदा खलाशी कुठल्या देशाचे हवेत ते सांगत नाही, कर जहाजाच्या आकारमानावर ठरावीक असतो आणि झेंडा युरोपीय संघातला असल्याने बंदरात पत राहते. मालकाला आणखी काय पाहिजे?

ही अक्षरं नुसती रंगवलेली नसतात. पत्र्यावर वेल्डिंगची बारीक रेघ ओढून अक्षराची कड काढतात आणि आत पांढरा रंग भरतात. जहाज विकलं गेलं, झेंडा बदलला, की ग्राइंडरने जुनं नाव घासून काढायचं असतं. मालक घाईत असला की नुसताच रंग फासतात. मग संध्याकाळच्या तिरप्या उन्हात नव्या नावाखालचं जुनं बंदर वाचता येतं. ‘व्हॅलेटा’च्या खाली ग्रीसच्या बंदराचं नाव ‘पिरेयस’ मी स्वतः वाचलेलं आहे.

तुमच्या कामाचं आता सांगतो. मुलगा भारताचाच नागरिक राहतो, त्याचं सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, भारताचंच. पण जहाजावर कायदा माल्टाचा चालतो. पगार थकला, जेवण नीट नसलं, करार संपूनही घरी पाठवत नसले, तर खलाशांसाठीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार दाद मागता येते आणि माल्टाने तो करार स्वीकारलेला आहे. खलाशाला घरी पाठवण्याच्या खर्चाची हमी देणारं प्रमाणपत्र सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असावं लागतं, बहुतेक मेसरूमच्या बाहेरच असतं. मुलाला त्याचा फोटो काढून पाठवायला सांगा. त्यावर कुणाला फोन करायचा ते लिहिलेलं असतं. आणि भारतातल्या ज्या कंपनीने त्याला जहाजावर चढवलं तिचा आरपीएसएल क्रमांक, म्हणजे खलाशी भरतीच्या सरकारी परवान्याचा क्रमांक, घरच्या वहीत टिपून ठेवा.

माल्टात एकही नदी नाही असं पुस्तकात आहे. मग तिथले पाच लाख लोक पाणी कुठलं पितात? (इयत्ता दहावीतली विद्यार्थिनी, सांगोला)

दुष्काळी तालुक्यातल्या मुलीलाच हा प्रश्न सुचणार! आधी नकाशा उघड. बुटासारख्या इटलीच्या पुढच्या टोकाजवळचं सिसिली सापडलं की तिथून दक्षिणेला नव्वद-एक किलोमीटर खाली ये. माल्टा, गोझो आणि त्या दोघांच्या मधलं चिमुकलं कोमिनो, एवढीच वस्तीची बेटं. माल्टा २४६ चौरस किलोमीटर, गोझो ६७, कोमिनो साडेतीन. तुझा तालुका या अख्ख्या देशाच्या कितीतरी पट मोठा आहे. डोंगर नाहीत, सर्वात उंच जागा २५३ मीटर, तीही समुद्रावर तुटलेल्या डिंग्लीच्या कड्यापाशी. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्याच इतका. फरक असा, की तो हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा जातो.

सगळं बेट चुनखडकाचं आहे. वर कठीण चुनखडक, त्याखाली निळसर चिकणमातीचा थर, त्याखाली मधाच्या रंगाचा मऊ चुनखडक, आणि तळाला पुन्हा कठीण. पावसाचं पाणी वरच्या खडकातून झिरपतं आणि चिकणमातीवर अडतं. म्हणून जिथे माती उघडी पडते तिथे झरे निघतात, आणि शेती पाहायची तर डिंग्ली, रबात या भागात. जे पाणी आणखी खाली जातं ते समुद्रसपाटीला खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं. बोअर मारून हे तरंगतं पाणी उपसलं की खालचं खारं वर सरकतं. बोअर मारणारे तिथेही कमी नाहीत, त्यामुळे विहिरींचं पाणी वर्षागणिक खारट होत गेलं.

जुन्या लोकांनी यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. घर बांधायचं तर आधी त्याच जागेवर दगड काढायचा. तो मऊ चुनखडक करवतीने कापता येतो आणि हवा लागली की वरून घट्ट होतो. दगड निघाला तिथे घंटेच्या आकाराची पोकळी उरते, तोंडाशी अरुंद आणि खाली रुंद. तेच घराचं टाकं. गच्चीवरचं पाणी पन्हळीने त्यात सोडायचं. सोळाव्या शतकात व्हॅलेटा वसवताना प्रत्येक घराला असं टाकं सक्तीचं होतं. ते पुरेना, तेव्हा १६१५ मध्ये रबातच्या बाजूने पंधराएक किलोमीटरचा दगडी पाट शहरात आणला. त्याच्या कमानी रस्त्याकडेला अजून उभ्या आहेत.

आज मात्र पिण्याचं निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं असतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला घार लाप्सी इथे समुद्राचं पाणी गोडं करणारा मोठा कारखाना उभा राहिला, पुढे आणखी झाले. खारं पाणी साठ-सत्तर बार, म्हणजे हवेच्या साठ-सत्तर पट, दाबाने पडद्यातून ढकलायचं, मीठ अलीकडे राहतं. जहाजावर आम्ही हेच दुसऱ्या तऱ्हेने करायचो. इंजिन थंड करून आलेल्या गरम पाण्याच्या उष्णतेवर, हवा काढलेल्या भांड्यात समुद्राचं पाणी पन्नासेक अंशांवर उकळायचं. आम्हाला उष्णता फुकट मिळायची. माल्टाला ती दाबाची वीज विकत घ्यावी लागते, म्हणजे तिथे वीज आणि पाणी एकाच नळातून येतात म्हण. २०१५ पासून सिसिलीहून समुद्रतळावरून विजेची केबल आली. २०१९ च्या डिसेंबरात एका जहाजाचा ओढला गेलेला नांगर त्या केबलला लागला आणि ऐन नाताळच्या तोंडावर अख्खा देश अंधारात गेला. नांगर टाकण्याआधी चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा, बघा असं आम्ही कॅडेटांना उगाच ओरडून सांगत नव्हतो.

तिथे मासेमारी कशी चालते? (वेंगुर्ला)

मासा आपल्याकडे आहे त्याहून कमी, पण एक पद्धत तुम्हाला आवडेल. ऑगस्टच्या मध्यापासून वर्षअखेरीपर्यंत ‘लंपूकी’चा हंगाम असतो. सोनेरी-हिरवा, मोठ्या कपाळाचा मासा, हॉटेलांत माही-माही म्हणून मिळतो तोच. याला उघड्या समुद्रात सावलीखाली थांबायची सवय. म्हणून माल्टाचे मच्छीमार तराफे करतात, त्यावर माडाच्या जातीच्या झाडाच्या झावळ्या बांधतात आणि खाणीतला चुनखडकाचा चौकोनी दगड नांगर म्हणून लावून ते एका रेषेत समुद्रात सोडतात. कुणाची रेषा कुठली, यावर भांडण नको म्हणून चिठ्ठ्या टाकतात. मग रोज एकेका तराफ्यापाशी जायचं आणि सावलीत जमलेल्या माशांभोवती जाळं फिरवायचं. होड्या निळ्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांच्या, नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना कोरलेले डोळे. मार्साश्लोकच्या खाडीत एका बाजूला या होड्या आणि समोरच्या किनाऱ्यावर कंटेनरच्या क्रेनची रांग असं दिसतं. ते कंटेनर बंदर १९८८ पासूनचं. आशियातून येणारी मोठी जहाजं तिथे पेट्या उतरवतात आणि लहान जहाजं त्या पुढे भूमध्यभर वाटतात. त्या पेट्यांपैकी फार थोड्या माल्टासाठी असतात.

एवढ्याशा खडकासाठी इतक्या लढाया का झाल्या? आणि तो देश जगतो कशावर? (निवृत्त बँक कर्मचारी, पुणे)

काका, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे: जागा. सिसिली आणि ट्युनिशिया यांच्यामधली जी खिंड भूमध्याचे दोन भाग करते, तिच्या तोंडावर हा खडक, आणि त्यात ग्रँड हार्बरसारखं कुठल्याही वाऱ्यात सुरक्षित, खोल बंदर. तेल नाही, खनिज नाही, धान्य पुरत नाही. पण पूर्वेकडून पश्चिमेला जाणाऱ्याला या दारावरून जावंच लागतं.

फिनिशियन, रोमन, अरब, नॉर्मन असे सगळे येऊन गेले. त्याही आधीच्या अज्ञात लोकांनी गोझोवर जगन्तियाची दगडी मंदिरं इजिप्तच्या पिरॅमिडांच्या हजारएक वर्षं आधी उभारली होती. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने ही बेटं सेंट जॉनच्या सरदारांना, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाला, दिली. वार्षिक खंडणी, एक बहिरी ससाणा. हे सरदार म्हणजे धर्माच्या नावाखाली समुद्रावर लूटमार करणारे, असं मी सरळ म्हणेन. समोरचे तुर्कही त्याच धंद्यात होते. १५५१ मध्ये तुर्की आरमाराने गोझोवरची जवळपास सगळी वस्ती, पाचेक हजार माणसं, गुलाम करून नेली. इकडे सरदारांच्या गलबतांवरची वल्ही पकडलेले मुसलमान ओढत. १५६५ च्या मे महिन्यात तुर्कांनी माल्टाला वेढा घातला तो ८ सप्टेंबरला उठला. पुढच्याच वर्षी, २८ मार्च १५६६ रोजी, नव्या तटबंदी शहराची पायाभरणी झाली आणि वेढ्यात लढलेला सरदारांचा महाप्रमुख ला व्हॅलेट याचं नाव त्याला मिळालं. देवगडच्या ताईंच्या फोटोतलं नाव ते हेच.

१७९८ मध्ये इजिप्तला जाता जाता नेपोलियनने बेट घेतलं, गुलाम मुक्त केले आणि चर्चची चांदी उचलली. पहिल्या गोष्टीबद्दल लोकांनी त्याला माफ केलं असतं, दुसरीबद्दल नाही. तीन महिन्यांत उठाव झाला, फ्रेंच फौज व्हॅलेटात कोंडली गेली आणि १८०० मध्ये ती ब्रिटिशांना शरण आली. पुढची पावणेदोनशे वर्षं बेटाने ब्रिटिश आरमारावर पोट भरलं. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मुंबईच्या वाटेवरची आगबोट इथे कोळसा घेऊ लागली.

मला विचाराल तर माल्टाच्या इतिहासातला मोठा दिवस १५ ऑगस्ट १९४२. जर्मन-इटालियन बॉम्बफेकीने बेट उपाशी पडलं होतं, विमानांना पेट्रोल उरलं नव्हतं. ब्रिटनहून चौदा मालवाहू जहाजांचा ताफा निघाला, त्यातली पाचच पोचली. शेवटचं ‘ओहायो’ हे तेलवाहू. त्यावर टॉर्पेडो लागला होता, बॉम्ब पडले होते, एक पाडलेलं विमान डेकवर आदळलं होतं, बॉयलर बंद पडले होते. इंजिनाविना, पाणी डेकपर्यंत आलेलं असताना, दोन बाजूंना दोन विनाशिका बांधून त्यांनी ते जहाज बंदरात ओढत आणलं. तेल काढून घेता घेता ते तळाला टेकलं. बॉयलर पुन्हा पेटवायची खालच्या लोकांनी किती धडपड केली असेल, ते इंजिनरूममध्ये राहिलेल्यालाच कळेल. त्या दिवशी माल्टात सांता मारियाचा सण असतो, म्हणून तो ताफा अजून सांता मारियाच्या नावानेच ओळखतात.

२१ सप्टेंबर १९६४ ला स्वातंत्र्य मिळालं, १९७४ मध्ये प्रजासत्ताक झालं आणि ३१ मार्च १९७९ ला शेवटचा ब्रिटिश तळ उठला. तळ गेला म्हणजे पगार गेला. त्याआधीच हजारो माल्टीज ऑस्ट्रेलियाला स्थलांतरित झाले होते. मग एकेक नवं गिऱ्हाईक शोधणं सुरू झालं: पर्यटक, जहाजांचा झेंडा, कंटेनर, आणि २००४ मध्ये युरोपीय संघात गेल्यावर इंटरनेटवरच्या जुगाराचे परवाने. किर्कोपला मायक्रोचिपचा मोठा कारखाना आहे, निर्यातीत त्याचा वाटा मोठा. २०१४ पासून तर पैसे घेऊन नागरिकत्व देणं सुरू झालं. युरोपच्या न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ते बेकायदा ठरवलं.

झेंडा भाड्याने देण्यात मला वावगं दिसत नाही, त्याबरोबर तपासणी येते आणि कायदा येतो. पासपोर्टाचं तसं नाही. असा पैसा छोट्या देशात आला की सगळे एकमेकांचे नातेवाईक निघतात आणि प्रश्न विचारणारा एकटा पडतो. दाफ्ने कारुआना गलिझिया या पत्रकार बाई ते विचारत होत्या. १६ ऑक्टोबर २०१७ ला त्यांच्या गाडीत बॉम्ब ठेवून त्यांना मारलं. त्या प्रकरणाच्या धुरळ्यात जानेवारी २०२० मध्ये पंतप्रधान जोसेफ मस्कत यांना पायउतार व्हावं लागलं.

आमच्या गोठ्यात गाई गाभडल्या. डॉक्टर म्हणाले ब्रुसेलोसिस आहे, आणि माणसाला झाला तर त्याला माल्टा ताप म्हणतात. माल्टाचा आमच्या गोठ्याशी काय संबंध? (दूध उत्पादक, कागल)

संबंध शेळ्यांचा. माल्टातल्या ब्रिटिश सैनिकांना महिनोन् महिने चढउतार होणारा ताप यायचा. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला, पण तो शरीरात जातो कुठून हे कळेना. घाम, डास, गटार, सगळ्यांवर संशय झाला. तेव्हा व्हॅलेटात दूधवाला शेळ्यांचा कळप घेऊन दारोदार फिरायचा आणि गिऱ्हाइकाच्या पायरीवर, त्याच्याच भांड्यात धार काढून द्यायचा. याहून ताजं दूध कुठलं! १९०५ मध्ये थेमिस्तोक्लीस झामित या माल्टीज डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं. दिसायला धडधाकट असलेल्या शेळ्यांत जंतू निघाले. पुढच्या वर्षी सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि छावणीतला ताप झपाट्याने उतरला. गावातले लोक मात्र पायरीवरची धार सोडायला कितीतरी वर्षं तयार नव्हते. हाच झामित पुढे तारशीनची प्राचीन मंदिरं खणून काढणारा म्हणूनही प्रसिद्ध झाला.

गोठ्याबद्दल मी डॉक्टरांच्या वर बोलणार नाही. दूध उकळूनच प्या, गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने उचलू नका, आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस सरकारी कार्यक्रमात टोचतात, त्याची चौकशी करा.

माल्टाचा भारताशी कधी संबंध आला का? (नागपूर)

आला. १८७८ मध्ये रशियाला दटावायला ब्रिटिशांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून बोटींत घालून माल्टाला नेऊन ठेवले होते. पहिल्या महायुद्धात ते बेट कैद्यांची छावणी झालं. देवबंदचे मौलाना महमूद हसन आणि हुसेन अहमद मदनी यांना ब्रिटिशांनी १९१७ ते १९२० तिथे डांबलं होतं. सिंधी कापडव्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे आहेत. आणि आज तुम्ही बसमध्ये चढलात तर ड्रायव्हर, दवाखान्यात गेलात तर नर्स, आणि जेवण मागवलंत तर आणणारा पोऱ्या, यातलं एक तरी माणूस भारतातलं निघेल.

एजंट माल्टात वेअरहाउसचं काम देतो म्हणतो, सहा लाख मागतो. देऊ का? (नांदेड)

नको. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटला भारतीय नियमांप्रमाणे तीस हजार रुपये आणि जीएसटी, एवढंच घेता येतं. त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर सापडतं का बघ. माल्टात कामाचा आणि राहण्याचा परवाना एकाच अर्जावर, ठरावीक मालकाकडच्या नोकरीसाठीच मिळतो. म्हणजे कंपनीचं नाव, हुद्दा आणि पगार आधी कागदावर पाहिजे. नुसतं ‘पोचल्यावर बघू’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठव. पगाराचा आकडा ऐकून हुरळू नकोस, घरभाडं विचार. तिथे कित्येक मुलं एका खोलीत चार-सहा जणांनी राहतात.

मे महिन्यात चार दिवस जातोय. काय चुकवू नये? (ठाणे)

पाओला गावातलं हायपोजियम, म्हणजे खडकात तीन मजले खाली कोरलेलं प्राचीन दफनस्थान. दिवसाला मोजक्याच माणसांना आत सोडतात, त्यामुळे तिकीट काही आठवडे आधी काढा. गोझोची ती प्रसिद्ध दगडी कमान बघायला म्हणून जाऊ नका, ती ८ मार्च २०१७ च्या वादळात समुद्रात पडली. त्यापेक्षा श्वेनीची मिठागरं बघा, खडकात कोरलेली, आणि मीठ तिथेच विकत मिळतं. फेरी चिर्केव्वाहून सुटते, पंचवीस मिनिटं लागतात. जाताना तिकीट मागणारा कुणी दिसला नाही म्हणून गोंधळू नका, पैसे येताना गोझोच्या बाजूला घेतात.